नगरच्या मंडळीचं मूळ शोधायला प्लिमथ ते हिंगम, पाच दिवस

आधी थोडं सांगते की मी ही ट्रिप का केली. लेक बोस्टनच्या जवळ राहते, मी दोन महिन्यांसाठी तिच्याकडे आलेय, आणि इथे आल्यावर सगळे विचारतात नायगारा बघितला का, न्यूयॉर्क बघितलं का. मला मात्र प्लिमथ आणि सेलम बघायचं होतं. आमचं बालपण नगरचं, आता अहिल्यानगर म्हणतात पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. वडील रविवारी उपासनेची घंटा वाजवायचे, दोर ओढायला मी आणि भाऊ भांडायचो. आमची मंडळी (आमचं चर्च) मूळची काँग्रिगेशनल, म्हणजे वर बिशप वगैरे कोणी नाही, सभासदांनी मिळून पाळक बोलवायचा, हिशोब सभासदांसमोर मांडायचा, भांडणं झाली तरी तिथेच मिटवायची. आजी म्हणायची ही रीत अमेरिकेच्या साहेबांनी आणली आणि त्यांनीच बायकांना वाचायला शिकवलं. ते साहेब ज्या मंडळ्यांमधून आले त्या मंडळ्या सोळाशे वीस-तीसमध्ये इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्मसुधारक लोकांनी उभ्या केलेल्या. म्हणून म्हणलं मुळापर्यंत जाऊन येऊ. लेकीने बुधवार ते शुक्रवार सुट्टी टाकली, शनिवार-रविवार होताच.

पहिला दिवस, बुधवार, प्लिमथ

सकाळी नऊला निघालो. ऑक्टोबरचा शेवट, रस्त्याच्या दोन्ही बाजूला मेपलची पानं लालभडक झालेली आणि वारा असा की स्वेटरवर जॅकेट घालूनही कान दुखायला लागले. लेक म्हणाली आई आधी दगड बघून घे. प्लिमथ रॉक म्हणजे समुद्राच्या काठावर खांबांच्या मंडपात, खाली खड्ड्यात ठेवलेला एक दगड, त्यावर १६२० कोरलंय, मधून सिमेंटने जोडलेला दिसतो कारण १७७४ मध्ये हलवताना त्याचे दोन तुकडे झाले. पिलग्रिम, म्हणजे १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून इथे वसायला आलेले लोक, त्यांनी पहिलं पाऊल याच्यावर ठेवलं असं म्हणतात, पण ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली १७४१ मध्ये, एका ९४ वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडून, म्हणजे १२० वर्षांनी. मी दगडापाशी दोन मिनिटं थांबले आणि पुढे गेले.

पुढे मेफ्लॉवर दोन उभी आहे. मूळ जहाजासारखं हुबेहूब जहाज इंग्लंडमध्ये बांधलं आणि १९५७ मध्ये शिडांवर अटलांटिक ओलांडून इथे आणलं. आत उतरल्यावर पोटात गोळा आला. मधला मजला, जिथे माणसं राहिली, तिथे उंच माणसाला ताठ उभं राहता येणार नाही असं छत. १०२ प्रवासी, ६६ दिवस, गरोदर बायका, शेळ्या-कोंबड्या, अंगावरचे कपडे ओले, आणि वादळात वर जायचं नाही. एक बाळ जहाजावरच जन्मलं, त्याचं नाव ओशनस ठेवलं. त्यातले सगळे धर्मासाठी आलेले नव्हते हे मला इथे कळलं, साधारण निम्मे लोक धंद्यासाठी, जमिनीसाठी किंवा नोकर म्हणून आलेले, आणि म्हणूनच किनाऱ्यावर उतरायच्या आधी ४१ पुरुषांनी एका कागदावर सह्या केल्या की आपण सगळे मिळून कायदे करू आणि ते पाळू. जे धर्मासाठी आलेले ते सेपरेटिस्ट, इंग्लंडच्या राजाच्या चर्चमधून पूर्ण बाहेर पडलेले, आधी हॉलंडमध्ये लायडनला दहा-बारा वर्षं राहिलेले. दहा वर्षांनी बोस्टनला आलेले प्युरिटन वेगळे, त्यांना त्याच चर्चमध्ये राहून ते शुद्ध करायचं होतं. आपण दोघांना एकच समजतो, पण त्या काळात हा फरक जिवावर बेतणारा होता.

जहाजाच्या समोरच कोल्स हिल नावाची टेकडी. पहिल्या हिवाळ्यात मेलेली माणसं इथे पुरली. १०२ मधले जवळजवळ निम्मे वसंत ऋतूपर्यंत गेले, एका वेळी सहा-सात जणच धडधाकट होते आणि तेच बाकीच्यांचं सगळं करत होते, लाकडं आणणं, शेकोटी पेटवणं, आजाऱ्यांची अंथरुणं धुणं. विल्यम ब्रॅडफर्ड, जो पुढे बरीच वर्षं गव्हर्नर होता, त्याने हे लिहून ठेवलंय. त्याची स्वतःची बायको तर किनाऱ्याजवळ उभ्या जहाजावरून पाण्यात पडून बुडाली. आणि तरी एप्रिल १६२१ मध्ये मेफ्लॉवर परत निघाली तेव्हा या वस्तीतलं कोणीही तिच्यावर चढलं नाही. या वाक्यापाशी मी फार वेळ उभी राहिले.

त्याच टेकडीवर मॅसासॉइटचा पुतळा आहे, इथल्या मूळ निवासी वांपनोआग लोकांचा प्रमुख, ज्याने मार्च १६२१ मध्ये या उपाशी लोकांशी तह केला. पुतळ्याजवळ एक पाटी आहे, १९७० पासून दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळ निवासी इथे जमतात आणि तो दिवस दुखवट्याचा म्हणून पाळतात. का, ते मागे बरियल हिलवर चढल्यावर कळतं. तिथे वस्तीचा किल्ला होता, खाली प्रार्थनेची जागा आणि वर तोफा. मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम, त्याने १६७५ मध्ये इंग्रजांशी युद्ध पुकारलं, १६७६ मध्ये तो मारला गेला, आणि त्याचं मुंडकं खांबावर लावून याच गावात वीस वर्षांपेक्षा जास्त ठेवलं. बापाने तह करून जगवलं आणि मुलाचं हे केलं. त्याच गावात दर शब्बाथाला, म्हणजे रविवारी, स्तोत्रं म्हणली जात होती. मला खाली उतरताना लेकीचा हात धरावा लागला.

दुसरा दिवस, गुरुवार, प्लिमथ पटक्सेट म्युझियम

हा दिवस मला सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून जरा लांब लिहिते. गावापासून थोडं दूर १६२० च्या दशकातलं इंग्लिश गाव पुन्हा बांधलंय आणि त्याच्याजवळ वांपनोआग लोकांची वस्ती. आधी आम्ही पटक्सेट वस्तीत गेलो. इथे काम करणारे लोक आजचे मूळ निवासी आहेत, ते नाटक करत नाहीत, आपल्या पूर्वजांबद्दल आजच्या माणसासारखे बोलतात. झाडाच्या सालीने झाकलेलं गोल छपराचं घर, त्याला वेटू म्हणतात, आत चूल मध्यात आणि धूर वरच्या भोकातून बाहेर, आणि खरं सांगते आत इतकं उबदार होतं की बाहेर यावंसं वाटेना. एक माणूस लाकडाचा मोठा ओंडका आतून जाळत जाळत आणि खरवडत होडी करत होता.

पटक्सेट हे या जागेचं मूळ नाव. इंग्रज आले तेव्हा इथे गाव नव्हतं, पण शेतं होती, साफ केलेली. कारण १६१६ ते १६१९ मध्ये युरोपियन जहाजांबरोबर आलेल्या साथीत अख्खं गाव मेलं होतं. त्या गावचा एक माणूस वाचला, टिस्क्वांटम, कारण त्याला १६१४ मध्येच एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो तिथून इंग्लंडला पोचला, इंग्रजी शिकला, १६१९ मध्ये परत आला तर गावात कोणीच नाही. आणि ह्याच माणसाने पुढच्या वर्षी आलेल्या परक्यांना मका कसा लावायचा ते शिकवलं. मातीचे उंचवटे करायचे, प्रत्येकात ओढ्यात चढणारे हेरिंग जातीचे मासे खत म्हणून घालायचे, त्यात मका, मक्यावर चढायला घेवडा, आणि खाली भोपळ्याचा वेल. आपल्याकडे कोकणात नारळाला मासळीचं कुटं घालतात तेच. आणि मका, घेवडा, भोपळा एकत्र ही पद्धत बघून मला बाजरीत मटकी-हुलगा टाकणारी माझी आत्या आठवली.

एक गोष्ट मला तिथल्या बाईंनी सांगितली. पिलग्रिम लोकांनी केप कॉड नावाच्या किनाऱ्यावर उतरल्यावर पहिल्याच काही दिवसांत जमिनीत पुरलेला मका शोधून काढला आणि नेला. आपल्याकडे जुन्या वाड्यांमध्ये धान्याचं पेव असायचं तसंच ते पेव होतं, कुणाचं तरी बियाणं होतं. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला दुसऱ्याचं बियाणं उचलणं म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. पुढे त्यांनी मोबदला दिला असं नोंदवलंय, पण ज्याने ते पेव भरलं त्याच्या घरात तो हिवाळा कसा गेला असेल हा विचार डोक्यातून जात नाही.

मग इंग्लिश गाव. उतारावर समुद्राकडे जाणारा एकच रस्ता, दोन्ही बाजूला एकेका खोलीची घरं, कुडाच्या भिंतींना बाहेरून फळ्या, गवताने शाकारलेलं छप्पर, खाली मातीची जमीन. इथे मात्र माणसं त्या काळच्या कपड्यात त्या काळच्या इंग्रजीत बोलतात. एका घरात शिरले तर एक बाई मातीच्या भांड्यात मक्याची भरड शिजवत होती, मी विचारलं हे रोजचंच का, तर म्हणाली सकाळी हेच, दुपारी हेच, दूध असलं तर दूध, नसलं तर बिअर. पाणी प्यायची त्यांना सवय नव्हती, लहान मुलंसुद्धा हलकी बिअर प्यायची, आणि ती घरोघरी बायका करायच्या. लोणी, चीज, परसातल्या औषधी पाल्याचे काढे, बाळंतपणं, शिवण, हे सगळं बायकांचं. आणि त्या पहिल्या हिवाळ्यानंतर १८ बायकांपैकी शरदातल्या त्या प्रसिद्ध जेवणापर्यंत चारच उरल्या होत्या. १६२१ चं ते जेवण म्हणजे ज्याला आता पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात, मॅसासॉइट ९० माणसं घेऊन आला, पाच हरणं आणली, तीन दिवस चाललं. ९० पाहुणे आणि ५० घरचे, आणि रांधायला चार बायका आणि हाताखाली पोरी. आपल्या कुठल्याही लग्नघरातल्या बाईला हा हिशोब लगेच कळेल.

पैशाचं काय, हे मला जाणून घ्यायचं होतं, कारण श्रद्धेवर पोट भरत नाही. तर ही सगळी वस्ती सावकारी कर्जावर उभी होती. लंडनच्या व्यापाऱ्यांनी जहाजाचे, सामानाचे पैसे घातले आणि बदल्यात सात वर्षं सगळं उत्पन्न एकत्र. १६२१ च्या शेवटी फॉर्च्यून नावाच्या जहाजात त्यांनी बीव्हर आणि पाणमांजराची कातडी आणि फळ्या भरून पहिला हप्ता पाठवला, तर वाटेत फ्रेंचांनी ते जहाज लुटलं. शेती एकत्र होती तोपर्यंत पीकही कमी यायचं, ब्रॅडफर्ड लिहितो की तरण्या पोरांना दुसऱ्यांच्या बायकापोरांसाठी राबायचं जिवावर यायचं. म्हणून १६२३ मध्ये प्रत्येक कुटुंबाला मक्यासाठी वेगळा तुकडा दिला आणि मग बायकासुद्धा लेकरं घेऊन शेतात उतरल्या. १६२७ मध्ये काही पुढाऱ्यांनी १८०० पौंडांचं कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं आणि त्या बदल्यात कातड्याचा व्यापार हातात घेतला, तरी पूर्ण फिटायला १६४८ उजाडलं. म्हणजे जे तरणे आले ते म्हातारे झाले फेडताना. कर्जाखाली गेलेली घरं मी शाळेत शिकवताना पालकांच्या रूपात खूप बघितलीत, त्यामुळे मला ही माणसं एकदम जवळची वाटली.

त्याच १६२७ ची अजून एक नोंद. गायी-शेळ्यांची वाटणी झाली तेव्हा वस्तीत १५६ माणसं होती, त्यांचे बारा गट पाडले, दर गटात १३ जण, आणि प्रत्येक गटाला थोडी गुरं. तान्ह्या बाळाचाही वाटा धरला होता. ती यादी टिकली म्हणून आज आपल्याला त्या वस्तीतल्या प्रत्येक माणसाचं नाव माहितीये. लोकांची नावं शिल्लक राहिली ती गायींमुळे.

संध्याकाळी गावातल्या ओढ्यावरची पाणचक्की बघितली. पहिली १६३६ ची, आत्ताची नंतर बांधलेली पण दगडावर मका खरंच दळतात. ती येईपर्यंत बायका उखळात कुटत होत्या. पीठ विकत घेतलं, रात्री लेकीच्या घरी भाकरी थापली, चिरा पडल्या कडेला पण वास घरभर.

तिसरा दिवस, शुक्रवार, बोस्टन

आज ट्रेनने गेलो, पार्किंगचा त्रास नको म्हणून. बोस्टन वसलं १६३० मध्ये, जॉन विन्थ्रॉप ११ जहाजांचा ताफा घेऊन आला आणि पुढच्या दहा वर्षांत साधारण वीस हजार लोक या किनाऱ्यावर आले, बहुतेक अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं, विणकर, सुतार, शेतकरी, शिकलेले पाळक. किंग्ज चॅपलच्या शेजारच्या जुन्या दफनभूमीत विन्थ्रॉपची कबर आहे. पातळ दगड, त्यावर पंख असलेल्या कवट्या कोरलेल्या. ते लोक दफनाच्या वेळी प्रार्थनासुद्धा करत नसत, मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणजे रोमन कॅथलिक रीत असं त्यांना वाटायचं. लग्नही पाळक लावायचा नाही, मॅजिस्ट्रेट लावायचा. ख्रिसमस तर १६५९ मध्ये कायद्यानेच बंद केला, साजरा करताना सापडला तर पाच शिलिंग दंड, आणि तो कायदा १६८१ पर्यंत होता. शास्त्रात नाही ते करायचं नाही, एवढा एकच नियम शेवटपर्यंत ताणलेला. आमच्याकडे नाताळात करंज्या-चकल्या केल्याशिवाय घर घर वाटत नाही, त्यामुळे लेक आणि मी दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

बोस्टन कॉमन म्हणजे मधलं मोठं मैदान, हे १६३४ चं गावचं गायरान. सगळ्या गावाने वर्गणी काढून विकत घेतलं आणि १६४६ मध्ये गायी जास्त झाल्या म्हणून ७० ची मर्यादा घातली. गावाचे निर्णय गावसभेत, पण मोठ्या सरकारात मत द्यायचा हक्क फक्त मंडळीच्या सभासद पुरुषांना, आणि सभासद व्हायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून देवाने माझं मन कसं बदललं ही साक्ष द्यायची. साक्ष देणं हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण त्यावर मताचा हक्क ठरायचा हे इथे कळलं.

आणि ज्यांची साक्ष वेगळी निघाली त्यांचं काय? स्टेट हाउससमोर दोन बायकांचे पुतळे आहेत. अ‍ॅन हचिन्सन, सुईण होती, रविवारच्या उपदेशावर चर्चा करायला तिच्या घरी बायका आणि पुढे पुरुषही जमायचे. १६३७ मध्ये तिच्यावर खटला चालवला आणि हद्दपार केलं. दुसरी मेरी डायर, क्वेकर नावाच्या वेगळ्या ख्रिस्ती पंथात गेली, हद्दपार करूनही पुन्हा पुन्हा परत आली, १ जून १६६० ला तिला फाशी दिलं. स्वतः छळ सोसून आलेल्या माणसांनी हे करावं याचा मला मनापासून राग आला, आणि तो राग मी इथे लपवणार नाही.

पण त्याच माणसांनी केलेली एक गोष्ट अशी आहे जी थेट माझ्या आजीपर्यंत पोचली. १६४२ चा कायदा, आईबापाने आणि मालकाने मुलांना आणि कामाला ठेवलेल्या पोरांना वाचायला शिकवलंच पाहिजे. १६४७ चा कायदा, ५० घरं असतील त्या गावाने मास्तर ठेवायचा, १०० घरं असतील तर मोठी शाळा काढायची. कारण सरळ होतं, माणसाला देवाचं वचन स्वतः वाचता आलं नाही तर सैतान त्याला फसवेल. लॅटिन स्कूल १६३५ ला निघालं, हार्वर्ड १६३६ ला. नदीपलीकडे केंब्रिजमध्ये छापखाना आला आणि १६४० मध्ये स्तोत्रांचं पुस्तक छापलं.

त्याच छापखान्यात १६६३ मध्ये अख्खं पवित्र शास्त्र इथल्या मूळ लोकांच्या भाषेत छापलं गेलं, इंग्रजीत नव्हे. अमेरिका खंडात छापलेलं ते पहिलं पूर्ण बायबल. पाळक जॉन एलियटचं नाव त्यावर येतं, पण त्याला भाषा शिकवणारे आणि छपाईचे खिळे जुळवणारे मूळ निवासीच होते, त्यातल्या एकाचं नावच जेम्स प्रिंटर पडलं, नेटिव्ह नाव वोवॉस. आणि १६७५ ला युद्ध पेटल्यावर ज्यांनी ते शास्त्र स्वीकारलं होतं, नेटिकच्या त्या ख्रिस्ती वस्तीतल्या लोकांनाच बोस्टनच्या बंदरातल्या डियर आयलंडवर नेऊन टाकलं. ऑक्टोबरात, हिवाळ्याच्या तोंडावर. पुढे आणखी लोक आणले, सगळे मिळून साधारण ५०० जण, अन्न नाही, निवारा नाही, कित्येक तिथेच मेले. दुपारी मी हट्टाने तिथे गेले. आता ते बेट जमिनीला जोडलंय, मोठा सांडपाण्याचा प्रकल्प आहे आणि कडेने चालायची वाट. वारा अंगात शिरत होता. तीच तारीख होती जवळपास, ऑक्टोबरचा शेवट. मी तिथे प्रार्थना केली, मराठीत, मोठ्याने.

एक सांगायचं राहिलं. वांपनोआग भाषा बोलणारं कोणी उरलं नव्हतं, पण १९९३ पासून जेसी लिटल डो बेअर्ड नावाच्या त्यांच्याच बाईने त्या जुन्या बायबलच्या आणि कागदपत्रांच्या आधारे ती भाषा पुन्हा उभी केली. तिची स्वतःची मुलगी ती भाषा घरात बोलत मोठी झाली.

चौथा दिवस, शनिवार, सॉगस आणि सेलम

सॉगसला १६४६ च्या सुमारास सुरू झालेला लोखंडाचा कारखाना आहे, जमिनीतून खणून काढून १९५४ मध्ये पुन्हा उभारलेला. दलदलीतल्या मातीतून लोहखनिज काढायचं, जंगल तोडून कोळसा करायचा, पाण्याच्या चाकांवर चालणारे मोठे चामड्याचे भाते, आणि ५०० पौंडांचा घण. मार्गदर्शकाने चाकावर पाणी सोडलं आणि घण पडला तेव्हा जमीन हादरली. इथले कारागीर प्युरिटन नव्हते, कसब पाहिजे म्हणून आणलेले, दारू प्यायले, शिव्या दिल्या म्हणून कोर्टात त्यांना दंड व्हायचा. शिवाय स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदीही मजूर म्हणून आणले. इथले खिळे, कुऱ्हाडी, भांडी नसती तर त्या काळची मीटिंगहाउसं, म्हणजे प्रार्थनाघरं, उभी राहिली नसती. या किनाऱ्याचा दुसरा मोठा धंदा खारवलेला कॉड मासा, चांगला माल स्पेनला आणि हलका माल कॅरिबियन बेटांवर, तिथे उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना खायला. गुलामी इथेही होती, १६४१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातच तिला जागा दिलेली.

सेलमला पोचलो तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, हॅलोविनमुळे सगळे चेटकिणीच्या टोप्या घालून फिरतायत. मला ते बघवलं नाही. १६९२ मध्ये इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ माणसांना फाशी दिलं, ८० च्या घरातल्या जाइल्स कोरीला छातीवर दगड ठेवून मारलं, पाच जण तरी तुरुंगात मेले. पुरावा काय, तर मुली सांगायच्या की या बाईचा आत्मा येऊन आम्हाला चिमटे काढतो. स्मारक जुन्या दफनभूमीला लागून आहे, भिंतीतून बाहेर आलेली २० दगडी बाकं, प्रत्येकावर एक नाव आणि तारीख. आत शिरताना पायाखालच्या दगडावर त्या लोकांचे निरपराध असल्याचे शब्द कोरलेत आणि वाक्य मधेच भिंतीखाली जातं, तोडलेलं. रिबेका नर्सच्या बाकावर कोणीतरी फुलं ठेवली होती. ७१ वर्षांची, ऐकू कमी यायचं, पंचांनी आधी निर्दोष म्हणलं आणि कोर्टाने पुन्हा विचार करायला लावला. तिच्या मंडळीनेच तिला बहिष्कृत केलं आणि फाशी दिल्यावर वीस वर्षांनी, १७१२ मध्ये तो बहिष्कार मागे घेतला. न्यायाधीशांपैकी सॅम्युअल सूअल हा एकटा १६९७ मध्ये भर मंडळीत उभा राहिला आणि पाळकाने त्याचा माफीनामा वाचून दाखवला. मला तेवढा एक माणूस सापडला याचं समाधान वाटलं.

मग वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं टॅबरनेकल चर्च, ज्याच्यासाठी मी खरं तर सेलमला आले. इमारत त्या काळची नाही, पण मंडळी तीच. ६ फेब्रुवारी १८१२ ला कडाक्याच्या थंडीत इथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली, त्यातला एक गॉर्डन हॉल, एक सॅम्युअल नॉट. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने निघून जा म्हणून हुकूम काढला, तरी हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशन तिथून सुरू झालं. हॉल मराठी शिकला, शाळा काढल्या, १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना कॉलऱ्याने वारला. त्यांच्या मुंबईच्या छापखान्यात पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहानपणी कामाला होते. १८३१ मध्ये मिशन नगरला आलं, १८४२ ला तिथून ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं. आणि सिंथिया फॅरारबाई, न्यू हॅम्पशायरची एकटी बाई, १८२७ ला मुंबईत आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, ज्या शाळा बघून जोतिराव फुले गेले. १८६२ मध्ये ती नगरलाच वारली. त्या शाळांच्या परंपरेत माझी आजी वाचायला शिकली आणि मी मास्तरीण झाले. दार बंद होतं. मी पायरीवर बसले आणि लेकीने फोटो काढला, मागून टोप्या घातलेली माणसं जात होती.

पाचवा दिवस, रविवार, हिंगम

आज उपासना ओल्ड शिप चर्चमध्ये, १६८१ ची इमारत, प्युरिटन काळातलं आजपर्यंत उभं असलेलं एकमेव मीटिंगहाउस. मंडळी आता युनिटेरियन झालीये, विश्वास बराच बदललाय, पण दर रविवारी लोक तिथेच जमतात. आत मूर्ती नाही, क्रूस नाही, वर बघितलं तर छताच्या वाकड्या तुळया म्हणजे उलटं घातलेलं जहाज. त्या काळी शनिवारी सूर्य मावळल्यापासून शब्बाथ, चूल सुद्धा जेमतेम, रविवारी सकाळ-दुपार दोन उपासना, दोन-तीन तासांचा उपदेश, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, शेकोटी नाही, आणि पेंगणाऱ्याला काठीने जागं करायला एक माणूस. वाद्य नाही, डीकनने एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी मागून म्हणायची. माझ्या आजीच्या वेळी खेडेगावच्या उपासनेत गीत असंच म्हणायचे, कारण पुस्तक एकच असायचं.

उपासनेनंतर कॉफीला एका आजींनी विचारलं कुठून आलात, मी नगरचं सांगितलं, १८३१ सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

बाहेर येऊन भावाला फोन लावला, तिकडे रात्रीचे दहा वाजत आलेले. म्हणाला ताई, कसं आहे चर्च? मी सांगितलं, सगळं लाकूड आहे, आणि घंटेचा दोर बाहेर नाही, थेट छतातून मधल्या वाटेत लोंबतो, उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो. जरा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, जाड आहे का बाबांच्या दोरासारखा?